फॅरेडेच्या फसलेल्या काचेनं प्रकाशाला ‘वन वे’ पाळायला शिकवलं

रात्रीची एसटी. खिडकीजवळची सीट मिळालीये. बाहेर बघायला जावं तर शेतं, डोंगर राहतात बाजूला आणि काचेत आपलंच तोंड दिसतं.

दिवसा असं होत नाही. म्हणजे काच रात्रीच आरसा होते का? तर नाही. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावरून मागे परतवतेच, दिवसाही आणि रात्रीही. दिवसा बाहेरचा उजेड एवढा असतो की ते ४ टक्के लक्षातच येत नाहीत. बाहेर अंधार झाला की ते उघडे पडतात.

आता हीच गोष्ट तुमच्या मोबाईलवरच्या रीलपर्यंत कशी येते ते बघा.

तुम्ही जे व्हिडिओ बघता, ते कुठल्यातरी डेटा सेंटरमधून निघतात आणि बराचसा प्रवास काचेच्या केसाएवढ्या तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या रूपात करतात. त्या प्रकाशाला चिपमध्ये शिरावं लागतं आणि चिपमधून बाहेर पडावं लागतं. इथंच खरी गडबड होते. काच आणि हवा यांच्या हद्दीवर ४ टक्के प्रकाश परततो, पण सिलिकॉन आणि हवा यांच्या हद्दीवर तब्बल ३० टक्के परततो.

परतलेला प्रकाश नुसता वाया गेला असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो उलट्या पावली थेट लेझरमध्ये घुसतो. लेझर हे फार नाजूक प्रकरण आहे. आपलाच प्रकाश परत आत आला की त्याचा ताल बिघडतो, उजेड कमीजास्त होतो, रंग सरकतो. सभेत माईक स्पीकरसमोर आला की जशी कर्कश शिट्टी वाजते, तसंच काहीसं. सिग्नलमध्ये गोंगाट शिरतो आणि डेटा चुकतो.

मग या परत येणाऱ्या प्रकाशाला अडवायचं कसं? जाणारा जाऊ द्यायचा आणि येणारा रोखायचा, असा दरवाजा बनवायचा कसा?

याची किल्ली सापडली १८४५ साली. शोधणारा होता एका लोहाराचा पोरगा, मायकल फॅरेडे. आणि ती सापडली एका अशा काचेच्या तुकड्यात, जो बनवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती आणि ज्याचा तेव्हा कुणालाच फारसा उपयोग झाला नव्हता.

पुस्तकं बांधणारा पोरगा

मायकल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेकडच्या न्यूइंग्टन बट्सचा. वडील जेम्स लोहारकाम करायचे, पण तब्येत साथ देत नव्हती. घरात खायची मारामार. १८०१ च्या महागाईत मायकलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव यायचा, तोच पुरवून पुरवून खायचा. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि जेमतेम हिशेब.

तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. पुढच्या वर्षी त्याच दुकानात सात वर्षांसाठी बुकबाइंडिंग शिकायला राहिला. काम होतं पुस्तकं बांधायचं, पण हा गडी बांधता बांधता ती वाचायचासुद्धा. बांधायला आलेल्या विश्वकोशात विजेवरचा लेख सापडला. जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्र सोपं करून सांगणारं पुस्तक हाती लागलं. मग पगारातले चार पैसे वाचवून, पुस्तकात दिलेले प्रयोग स्वतः करून बघायचा नाद लागला.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानांची तिकिटं दिली. बोलणारा होता हम्फ्री डेव्ही, त्या काळचा विज्ञानातला स्टार माणूस. मायकलनं चार व्याख्यानं ऐकली, नीट टिपणं काढली, आकृत्या काढल्या आणि आपल्या हातच्या कलेनं त्याचं पुस्तक बांधून थेट डेव्हीलाच पाठवलं. सोबत नोकरीची विनंती.

तेव्हा जागा नव्हती. पण प्रयोगशाळेतल्या एका स्फोटात डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली आणि लिहून घ्यायला काही दिवस हा पोरगा उपयोगी पडला. पुढे प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला कामावरून काढलं गेलं आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा फॅरेडेला मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग पगार आणि वरच्या माळ्यावर राहायला दोन खोल्या.

त्याच वर्षी तो डेव्हीबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. मोठमोठे शास्त्रज्ञ भेटले, पण डेव्हीच्या बायकोनं त्याला नोकरासारखंच वागवलं. इंग्लंडमध्ये तेव्हा ‘जंटलमन’ कोण आणि नोकर कोण हे जन्मावरून ठरायचं. लोहाराच्या पोराला विज्ञानाच्या पंगतीत बसू देणं सोपं नव्हतं.

गळ्यात पडलेलं काम

१८२१ साली फॅरेडेनं विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती गोल फिरवून दाखवली. आजच्या विजेच्या मोटरची ती सुरुवात. पण लगेच आरोप झाला की ही कल्पना त्यानं वुलस्टन नावाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाकडून उचलली. १८२४ मध्ये त्याला रॉयल सोसायटीत घ्यायची वेळ आली, तेव्हा विरोध करणारा माणूस होता खुद्द अध्यक्ष, म्हणजे त्याचा गुरू हम्फ्री डेव्ही. फॅरेडे तरीही निवडून आला, पण दोघांमधलं नातं पहिल्यासारखं राहिलं नाही.

याच काळात एक सरकारी छापाचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

विषय होता दुर्बिणीच्या काचेचा. दुर्बिणीसाठी एकसारखी, डाग आणि रेषा नसलेली काच लागते. ही काच बनवण्यात बव्हेरियाचा फ्राउनहोफर सगळ्यांच्या पुढं गेला होता. समुद्रावर राज्य करणाऱ्या इंग्लंडला हे कसं चालेल? त्यात इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता, त्यामुळं कारखानदार नवे प्रयोग करायला तयार नव्हते. म्हणून १८२४ मध्ये रॉयल सोसायटी आणि बोर्ड ऑफ लाँजिट्यूड यांची मिळून समिती नेमली गेली. पुढं त्या कामाला तिघं जुंपले गेले. काचेचं रसायन फॅरेडेकडे, घासकाम चष्मे-दुर्बिणीवाल्या डॉलंडकडे आणि तपासणी जॉन हर्शेलकडे.

काम किचकट होतं. काच जड करायची तर त्यात शिसं घालावं लागतं. पण शिसं खाली बसतं, मग काचेचा खालचा थर जड आणि वरचा हलका होतो. अशा काचेतून प्रकाश वाकडातिकडा जातो. भांड्याचे कण काचेत उतरतात, बुडबुडे राहतात. फॅरेडेनं प्लॅटिनमची भांडी वापरली, मिश्रण ढवळायच्या तऱ्हा बदलल्या, शिसं, बोरॉन आणि वाळूतलं सिलिका यांची वेगवेगळी प्रमाणं लावून बघितली. १८२७ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच भट्टी बांधली गेली. ती सांभाळायला तोफखान्यातून निवृत्त झालेले सार्जंट अँडरसन आले. शिस्तीचा माणूस. पुढे जवळपास चाळीस वर्षं ते फॅरेडेच्या सोबत राहिले.

१८२९ मध्ये फॅरेडेनं या कामाचा सविस्तर अहवाल रॉयल सोसायटीपुढे वाचला. काच तयार झाली होती, जड होती, प्रकाशाला चांगली वळवत होती. पण दुर्बिणींच्या धंद्यात क्रांती वगैरे काही झाली नाही. तोपर्यंत फ्राउनहोफर वारला होता, डेव्हीही त्याच वर्षी गेला. फॅरेडेनं आपल्या आवडीचं वीज आणि चुंबकाचं काम इतकी वर्षं बाजूला ठेवलं होतं. वयाची पस्तिशी-चाळिशी, म्हणजे माणसाच्या डोक्याचा आणि हातांचा सगळ्यात जोमाचा काळ, भट्टीपुढे गेला होता.

१८३१ च्या जुलैमध्ये त्यानं काचेचं काम थांबवू द्या असं कळवलं. आणि दोन महिन्यांच्या आत, २९ ऑगस्टला, त्यानं लोखंडी कड्यावर दोन तारा गुंडाळून विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं. आज धरणावर, कोळशावर किंवा वाऱ्यावर फिरणारं प्रत्येक जनरेटर याच तत्त्वावर चालतं. काचेच्या लाद्या मात्र कपाटात पडून राहिल्या.

१३ सप्टेंबर १८४५

पुढच्या दहा वर्षांत फॅरेडेनं विद्युत अपघटनाचे नियम मांडले, ‘फॅरेडे केज’ दाखवला. पण १८४० च्या सुमारास तब्येत कोसळली. चक्कर, डोकेदुखी आणि विसरभोळेपणा. स्मरणशक्ती दगा देतेय हे त्याला स्वतःला कळत होतं, म्हणून तो प्रत्येक गोष्ट वहीत क्रमांक घालून लिहायचा. काही वर्षं संशोधन जवळपास थांबलं होतं.

१८४५ च्या ऑगस्टमध्ये २१ वर्षांच्या विल्यम थॉमसनचं पत्र आलं. हाच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला. त्यानं विचारलं होतं की विजेच्या ताणाखाली असलेल्या पारदर्शक पदार्थातून प्रकाश गेला तर त्याच्यावर काही परिणाम होतो का. फॅरेडेला हा प्रश्न जुनाच होता. निसर्गातल्या सगळ्या शक्ती एकमेकींशी बांधलेल्या आहेत, यावर त्याचा पक्का विश्वास होता. त्यानं विजेवर पुन्हा प्रयोग केले. हाती काहीच लागलं नाही.

मग त्यानं वीज सोडून चुंबक घेतला.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. प्रकाश ही लाट आहे. दोरीचं एक टोक भिंतीला बांधून दुसरं हलवलं तर लाट वरखाली जाऊ शकते, आडवी जाऊ शकते किंवा तिरकी. साध्या उजेडात सगळ्या दिशांची सरमिसळ असते. त्यातली एकच दिशा निवडली की तो झाला ध्रुवित प्रकाश. फॅरेडेनं दिव्याचा प्रकाश काचेवरून परावर्तित करून असा एकदिशी केला आणि दुसऱ्या टोकाला निकोल प्रिझम लावला. प्रिझम फिरवून असा ठेवला की प्रकाश पूर्ण अडेल. म्हणजे समोर काळोख. आता मध्ये चुंबक आणि वेगवेगळे पदार्थ ठेवायचे. कुठं उजेड दिसला, तर चुंबकानं प्रकाशाची दिशा फिरवली असं समजायचं.

१३ सप्टेंबरला त्यानं एकेक पदार्थ ठेवून बघितला. हवा, काळोख. फ्लिंट काच, काळोख. स्फटिक, काळोख. चुंबकाची मांडणी बदलली, तरी काळोखच.

मग त्यानं ती जुनी जड काच ठेवली. शिसं घातलेली, वीस वर्षांपूर्वीच्या कामातली.

चुंबकात वीज सोडली आणि समोर दिव्याची ज्योत दिसली. वीज बंद केली, ज्योत गायब. पुन्हा सुरू केली, पुन्हा दिसली.

चुंबक प्रकाशावर परिणाम करतो, हे माणसाला पहिल्यांदा दिसलं ते असं. फॅरेडेनं वूलिचहून जास्त ताकदीचा चुंबक मागवला आणि मग इतर पदार्थांतही हा परिणाम दिसू लागला. पण पहिल्या दिवशी, कमी ताकदीच्या चुंबकावर, तो दिसला फक्त त्या जड काचेत. ती काच हाताशी नसती, तर तो त्या दिवशीही वहीत ‘काही नाही’ लिहून उठला असता.

गंमत बघा, काचेवरचा तो कर सरकारनं उठवला तोही याच १८४५ साली.

खरी मेख कुठं आहे?

प्रकाशाची दिशा फिरवणारे पदार्थ आधीही माहीत होते. साखरेचं पाणी फिरवतं, टर्पेंटाइन फिरवतं. पण फॅरेडेच्या लक्षात एक फरक आला, आणि आपल्या लेझरचा जीव त्याच फरकात आहे.

साखरेच्या पाण्यातून प्रकाश गेला आणि आरशावर आपटून त्याच वाटेनं परत आला, तर जाताना जेवढा फिरला तेवढाच येताना उलटा फिरतो. हिशेब शून्य. चुंबकाचं तसं नाही. तिथं फिरण्याची दिशा प्रकाश कुठून आला यावर ठरत नाही, चुंबकाच्या दिशेवर ठरते. म्हणून जाताना ४५ अंश फिरला, तर येताना आणखी ४५ अंश फिरतो. एकूण ९०. फॅरेडेनं काचेच्या टोकांना चांदीचा मुलामा देऊन प्रकाश पुन्हा पुन्हा मागंपुढं नेला आणि प्रत्येक फेरीत फिरणं वाढत जातं हे दाखवून दिलं.

आता दरवाजा बनवू. सुरुवातीला एक गाळणी ठेवा, जी फक्त उभा प्रकाश सोडते. मध्ये चुंबकात ठेवलेला स्फटिक, जो ४५ अंश फिरवतो. शेवटी ४५ अंशात तिरकी ठेवलेली दुसरी गाळणी. लेझरचा प्रकाश उभा निघाला, ४५ अंश फिरला आणि तिरक्या गाळणीतून आरामात बाहेर पडला. पुढं कुठंतरी आपटून परत आला, तिरक्या गाळणीतून आत शिरला, आणखी ४५ अंश फिरला आणि पूर्ण आडवा झाला. समोर उभी गाळणी. रस्ता बंद.

प्रकाशासाठी असा ‘वन वे’ करता येईल, हे १८८५ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मांडलं. लेझर आला १९६० मध्ये. आज याला ऑप्टिकल आयसोलेटर म्हणतात आणि लांब पल्ल्याच्या फायबर लाइनवरच्या लेझरपुढं तो पहारेकरी म्हणून बसलेला असतो. आत शिशाच्या काचेऐवजी गार्नेट जातीचे स्फटिक असतात, कारण ते थोड्या जागेत जास्त फिरवतात.

मग सगळं सुटलं का?

नाही. पहारेकरी हा शेवटचा उपाय झाला. आधी प्रकाश परतूच नये म्हणून बरंच काही करतात.

पहिला उपाय लेपाचा. चिपच्या कडेवर प्रकाशाच्या लांबीच्या पाव भागाएवढा पातळ थर देतात. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारून टाकतात. चष्म्याच्या अँटी-ग्लेअर काचेत हेच असतं.

दुसरा उपाय तिरक्या कापाचा. फायबरचं टोक सरळ न कापता ८ अंशात घासतात. परतणारा प्रकाश मग तारेत परत न शिरता बाजूला निघून जातो. तुमच्या घरच्या इंटरनेटच्या वायरीचं टोक हिरवं असेल, तर ते याच जातीचं आहे. अशा चांगल्या जोडणीत दहा लाखांतला जेमतेम एक भाग प्रकाश मागे येतो.

तिसरा उपाय हळूहळू बदलाचा. साध्या लांब पल्ल्याच्या फायबरमध्ये प्रकाशाचा ठिपका साधारण १० मायक्रॉनचा, तर सिलिकॉनमधली वाट अर्ध्या मायक्रॉनची. महामार्गावरून एकदम बोळात गाडी घातली तर जे होईल तेच इथं होतं. म्हणून चिपवरची वाट टोकाकडे सुईसारखी निमुळती करतात. वाट अरुंद झाली की प्रकाश तिच्यात मावत नाही, बाहेर पसरतो आणि फायबरच्या मापाला येतो. अचानक हद्द आली की परावर्तन होतं. हद्दच पुसट केली, तर प्रकाशाला मागे फिरायला कारण उरत नाही.

एवढं करूनही दोन-तीन जोडण्यांवर थोडाथोडा प्रकाश परतलाच, तर तो त्यांच्यामध्ये आपटत राहतो आणि सिग्नलवर लहरी उमटवतो. म्हणून पहारेकरी लागतोच. आणि आजची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे की फॅरेडेचा हा पहारेकरी चिपवर बसवणं फार अवघड आहे. सिलिकॉन स्वतः प्रकाश पुरेसा फिरवत नाही. गार्नेटचा स्फटिक सिलिकॉनवर नीट वाढत नाही, कारण दोघांच्या अणूंची मांडणी जुळत नाही. त्यात चुंबकही हवा. म्हणून कुणी गार्नेटचा पातळ पापुद्रा सिलिकॉनवर चिकटवून बघतंय, कुणी चुंबकाशिवायचा मार्ग शोधतंय, तर कुणी परतलेला प्रकाश सहन करणारा लेझरच बनवतंय. एआयच्या डेटा सेंटरमध्ये तांब्याच्या तारांची जागा प्रकाश घेऊ लागलाय, त्यामुळं या प्रश्नाला आता पैशातही मोल आलंय.

शेवटचा प्रयोग

फॅरेडेनं सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही नाकारलं. १८५८ पासून तो राणी व्हिक्टोरियानं दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात राहत होता. स्मरणशक्ती विरत चालली होती. तरी १८६२ मध्ये, सत्तरीत, त्यानं पुन्हा एकदा चुंबक आणि प्रकाश समोरासमोर आणले. ज्योतीच्या प्रकाशातले रंग चुंबकानं बदलतात का, हे त्याला बघायचं होतं. काहीच दिसलं नाही.

२५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत नव्हे, तर हायगेटच्या दफनभूमीत साध्या दगडाखाली त्याला पुरलं. तो शेवटचा प्रयोग १८९६ मध्ये झीमननं जास्त चांगल्या उपकरणांनी केला. परिणाम खराच होता, आणि झीमनला त्यासाठी १९०२ चं नोबेल मिळालं.

म्हणजे फॅरेडेच्या हिशेबात दोन ‘काही नाही’ होते. एक दुर्बिणीची काच आणि एक शेवटचा प्रयोग. पहिल्याचं उत्तर त्याला हयातीत मिळालं, दुसऱ्याचं मिळालं नाही. पण दोन्ही वेळा त्यानं काय केलं, कसं केलं हे वहीत नीट लिहून ठेवलं आणि काचेचे तुकडे फेकून दिले नाहीत.

पुढच्या वेळी रात्रीच्या एसटीत खिडकीत स्वतःचं तोंड दिसलं, तर लक्षात ठेवा. काचेवरून परतणारा हाच थोडासा प्रकाश अडवायला जगभरचे इंजिनिअर आजही झटतायत. आणि त्यांच्याकडचं सगळ्यात भरवशाचं हत्यार आजही फॅरेडेच्याच नावानं ओळखलं जातं.